खिडकी बंद होत नाही, सटकते. कुठे जाते?

टकटकाट यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी.

चौतीस वर्षं मी टंकलेखन केलं. आधी यंत्रावर, मग संगणकावर. अजूनही कळांकडे न बघता टंकते. त्यामुळे "घाबरू नका, संगणक काही चावत नाही" छापाचा धीर कुणी कृपया देऊ नये. मला धीर नको, पत्ता हवा आहे.

झालं असं की माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचे नेहमीचे अपडेट थांबले आणि विंडोज ११ या लॅपटॉपला चालत नाही असं कळलं. लॅपटॉप तसा धडधाकट आहे, फेकवेना. मग भाच्याने एका दुपारी त्यावर उबुंटू २४.०४ ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम बसवून दिली. "मावशी, सगळं तसंच आहे, फक्त थोडं वेगळं दिसतं," असं म्हणाला आणि गेला. त्यातलं "तसंच" नेमकं काय आहे ते मी तीन आठवडे शोधते आहे.

माझं काम एकच. वडिलांच्या अकरा डायऱ्या आहेत, त्या टंकून ठेवायच्या. सध्या चौथी चालू आहे. लिबरऑफिस रायटर उघडते, डायरी पुस्तकाच्या स्टँडवर ठेवते आणि सुरू. रायटरचं आणि माझं बरं चाललंय, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती रायटरच्या बाहेर जे काही आहे त्याच्याबद्दल.

मुख्य गोष्ट सांगते. पान वर सरकवून मागचं काही बघायला जावं, तर मध्येच समोरची सगळी खिडकी सटकते. बंद होत नाही, खालीही जात नाही. चक्क डावीकडे सरकत सरकत पडद्याबाहेर निघून जाते आणि समोर राहतं नुसतं मोकळं मैदान. पहिल्या वेळी वाटलं, माझ्या हातून बंद झाली असेल. पण डावीकडच्या उभ्या पट्टीत रायटरच्या चित्राशेजारी ठिपका दिसत होता. ठिपका म्हणजे ते चालू आहे, एवढं भाच्याने शिकवलं होतं. चालू आहे तर मग दिसत का नाही? त्या चित्रावर क्लिक केलं नाही, कारण दुसरी कोरी खिडकी उघडेल आणि गोंधळ वाढेल असं वाटलं. त्याऐवजी फोल्डरमधून तीच फाइल पुन्हा उघडायला गेले. उघडली नाही. वर मधोमध एक पट्टी आली, त्यावर फाइलचं नाव आणि पुढे इंग्रजीत "तयार आहे" अशा अर्थाचं काहीतरी. तयार आहे म्हणे! कुठे, ते नाही सांगितलं. आणि पट्टीही गेली.

शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. पुन्हा सुरू केल्यावर रायटरने काहीतरी रिकव्हरीचं विचारलं, मी रागात नको म्हटलं आणि दीड पान गेलं. वडिलांचं अक्षर लागायला एकेका पानाला पाऊण तास जातो, म्हणून सांगते. दीड पान म्हणजे एक सकाळ.

तेव्हापासून हे चार वेळा झालं आहे. दोनदा खिडकी आपली आपण परत आली. कशी, देव जाणे.

आणखी बारीकसारीक:

वर डाव्या कोपऱ्यात एक आडवी गोळी आणि तिच्यापुढे एक टिंब असतं. कधी टिंब आधी आणि गोळी नंतर. शोभेचं आहे का?

सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह कुठे गेले? माझ्या जुन्या फाइली डीमध्ये होत्या. भाचा म्हणाला "आहेत", पण कुठे आहेत ते सांगितलं नाही.

फोल्डरमध्ये राइट क्लिक करून नवी टेक्स्ट फाइल तयार करायचे मी. इथे त्या यादीत फक्त नवीन फोल्डर आहे, फाइलच नाही.

आणि शेवटचं म्हणजे माझी वही. विंडोजच्या काळात मी सगळं वहीत लिहून ठेवत असे, "खाली डावीकडे, मग वरून चौथं" असं. ऐंशी पानं भरली होती. आता खाली डावीकडे माझ्या ओळखीचं काहीच नाही. नवी वही कुठून सुरू करावी?

---

सरळमार्गी:

परत विंडोज टाका, विषय संपला. या वयात नवीन सिस्टीम शिकायची हौस कशाला?

---

टकटकाट:

वय मी सांगितलेलं नाही, चौतीस वर्षं नोकरी झाली एवढंच सांगितलं. आणि विषय संपला असता तर धागा काढला नसता.

---

खुंटी:

टकटकाटताई, प्रश्न फार छान लिहिलात. बहुतेक लोक "स्क्रीन गायब होतेय, हेल्प" एवढंच लिहितात आणि मग वीस प्रतिसाद नुसती चौकशी करण्यात जातात. तुमच्या वर्णनावरून मला जवळपास कळलं आहे, पण खात्री करायला तीन प्रश्न विचारतो.

तुम्ही माउस वापरता की लॅपटॉपचा टचपॅड?

पान सरकवताना टचपॅडवर किती बोटं असतात?

खिडकी सटकते त्याच क्षणी ती गोळी आणि टिंब आपली जागा बदलतात का? पुढच्या वेळी लक्ष ठेवा.

आणि कितीही राग आला तरी पॉवरचं बटण दाबून धरू नका. तसं करायची वेळ अजून आलेली नाही. रायटरने रिकव्हरीचं विचारलं तर हो म्हणा. तो साधारण दर दहा मिनिटांनी आपल्यापुरती एक प्रत काढून ठेवतो, ती तेवढ्यासाठीच असते. तरी मूळ उपाय कंट्रोल एस, परिच्छेद संपला की.

---

टकटकाट:

माउसची बॅटरी संपली आहे. कधीपासून, तर साधारण भाचा येऊन गेला तेव्हापासून. बदलायची राहून जाते आहे. तेव्हा टचपॅड.

बोटं दोन. असं मी लिहिणार होते, पण तुम्ही विचारलंत म्हणून नीट बघितलं. उजव्या हाताची अनामिका जरा वाकडी आहे माझी, सांध्याचं जुनं दुखणं. ती न बोलावता येते. दोन ठेवली की तिसरी येऊन टेकतेच.

आणि हो, गोळी-टिंबाची जागा बदलते! आत्ताच मुद्दाम अनामिका टेकवून डावीकडे ओढलं. खिडकी गेली, टिंब फुगून गोळी झालं आणि गोळीचं टिंब झालं. घाबरून उजवीकडे ओढलं, तर परत आली. म्हणजे हे मीच करत होते तर.

पण हे आहे काय?

---

खुंटी:

सापडलं. आता सावकाश सांगतो, कारण हे एक कळलं की बाकीचं निम्मं कोडं सुटतं.

तुम्ही वापरताय त्या डेस्कटॉपचं नाव ग्नोम. त्यात एकाच पडद्यामागे एकापेक्षा जास्त डेस्कटॉप असतात, त्यांना वर्कस्पेस म्हणतात. शेजारी शेजारी खोल्या आहेत आणि तुमचा पडदा म्हणजे एका वेळी एकाच खोलीत डोकावणारं दार, असं समजा. टचपॅडवर तीन बोटं ठेवून डावी-उजवीकडे ओढलं की दार शेजारच्या खोलीपुढे सरकतं. तुमची खिडकी कुठेही गेली नव्हती. ती जिथल्या तिथे होती, तुम्हीच शेजारच्या रिकाम्या खोलीत गेला होतात. तीन बोटांची ही खूण २०२१च्या ग्नोम ४०मध्ये आली.

ती रिकामी खोली येते कुठून? ग्नोम नेहमी शेवटी एक कोरी खोली तयार ठेवतं. पहिल्या खोलीत काही उघडलं की तिच्या उजवीकडे आपोआप एक मोकळी तयार. त्या मोकळीत काही उघडलंत की तिच्यापलीकडे आणखी एक. वरची गोळी म्हणजे तुम्ही ज्या खोलीत आहात ती, आणि टिंबं म्हणजे बाकीच्या. शोभेचं नाही, तुमच्या घराचा नकाशाच आहे तो.

आता "तयार आहे" वाली पट्टी. फाइल पहिल्या खोलीत आधीच उघडी होती. तुम्ही दुसऱ्या खोलीतून तीच मागितलीत. रायटरने दुसरी प्रत उघडली नाही, तुम्हाला न विचारता खोलीही बदलली नाही, फक्त निरोप पाठवला. त्या पट्टीवर क्लिक केलं असतं तर थेट फाइलपाशी पोचला असता. पण ती काही सेकंदच थांबते आणि सांगते तीनच शब्द, तेव्हा तुमचा राग मला मान्य आहे.

पुढच्या वेळी काही सटकलं तर यांतलं काहीही करा. ठिपका असलेल्या चित्रावर बिनधास्त एकदा क्लिक करा. चालू असलेल्या गोष्टीवर क्लिक केल्याने नवी कोरी उघडत नाही, चालू असलेलीच समोर येते, ती कुठल्याही खोलीत असो. किंवा ऑल्ट धरून टॅब दाबा. किंवा खिडकीचं चित्र असलेली कळ एकदा दाबून सोडा. तिला इथे सुपर म्हणतात. सगळ्या उघड्या खिडक्या लहान होऊन एकत्र दिसतील आणि उजव्या कडेला शेजारच्या खोलीची कड डोकावताना दिसेल. तुमचा खरा "खाली डावीकडे" म्हणाल तर ही कळ.

अनामिकेला शिस्त लावायची नसेल तर तीन बोटांची खूण बंद करायची सोय सेटिंग्जमध्ये नाही. पण खोल्याच काढून टाकता येतात. सेटिंग्ज उघडा, मल्टिटास्किंगमध्ये जा, तिथे वर्कस्पेसचे दोन पर्याय आहेत, डायनॅमिक आणि फिक्स्ड नंबर. फिक्स्ड निवडून आकडा १ करा. मग कितीही बोटं ओढा, जायला दुसरी खोलीच नाही.

डी ड्राइव्हचं संध्याकाळी लिहितो.

---

जुना_खोका:

खुंटींनी खोल्यांची उपमा दिली म्हणून एक गंमत सांगतो. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात हेंडरसन आणि कार्ड या दोघांनी १९८६ला असाच प्रयोग मांडला होता आणि त्याचं नावच होतं "रूम्स". पडदे लहान, खिडक्या फार, त्या एकमेकींवर चढायच्या. सारख्या खिडक्या उचलून बाजूला ठेवण्यापेक्षा कामागणिक खोली बदलावी, हा विचार. खोलीला दारंसुद्धा होती.

त्याच केंद्रात १९७३ला ऑल्टो नावाचं यंत्र तयार झालं होतं आणि १९८१ला झेरॉक्स स्टार बाजारात आलं. पडद्यावर टेबल, टेबलावर कागद आणि फोल्डर, ही कल्पना स्टारने कचेरीत आणली. म्हणजे टकटकाटताई, हा डेस्कटॉप मुळात तुमच्याच टेबलाची नक्कल आहे, टंकलेखन, फाइली आणि ट्रे असलेल्या टेबलाची.

आणि "खाली डावीकडे" हे काही निसर्गनियमाने आलेलं नाही. स्टार्टचं बटण २४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५बरोबर आलं. त्याच्या आदल्या विंडोज ३.१मध्ये ते नव्हतं, तिथे प्रोग्राम मॅनेजरची खिडकी असायची. मी तेव्हा ३.१वर काम करायचो. ९५ आलं तेव्हा आमच्या विभागातले लोक आज तुम्ही म्हणताय तेच म्हणत होते: सगळं कुठे गेलं? वहीतली पानं माझीसुद्धा रद्दीत गेली आहेत, दोनदा.

सी आणि डीचंही तसंच. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी होती, म्हणून हार्डडिस्कच्या वाट्याला सी आलं. फ्लॉपी गेल्या आणि सी तसाच राहिला.

---

सरळमार्गी:

इतिहासाने फाइल सापडते का?

---

जुना_खोका:

नाही. वेळ छान जातो.

---

खुंटी:

डी ड्राइव्ह.

इथे अक्षरं नाहीत. सगळी साठवण एकाच झाडाला लटकलेली असते आणि त्या झाडाच्या मुळाचं नाव म्हणजे नुसती एक तिरकी रेघ. तुम्हाला मुळापर्यंत जायची गरज नाही. तुमची फांदी होम. डावीकडच्या पट्टीत फोल्डरचं चित्र आहे, ते फाइल्स. ते उघडलंत की होममध्येच असता. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स सगळी होमच्या पोटात आहेत. डायऱ्या तुम्ही डॉक्युमेंट्समध्ये ठेवत असाल असं धरून चालतो.

भाच्याने डी पुसला नसेल तर तोही आहे, फक्त नाव वेगळं असेल. फाइल्समध्ये डाव्या यादीत बघा. तिथे नसेल तर यादीच्या तळाशी अदर लोकेशन्स आहे, त्यावर क्लिक करा. एखादी डिस्क तिच्या नावाने दिसेल. नाव दिलेलं नसेल तर इतक्या जीबीचा व्हॉल्यूम असं लिहिलेलं असेल. क्लिक केलं की उघडेल, पासवर्ड मागितला तर द्या.

पेन ड्राइव्हही त्याच डाव्या यादीत येतो. त्याच्या नावाशेजारी छोटा त्रिकोण असतो, खाली रेघ असलेला. काढण्यापूर्वी तो दाबा. हे शिष्टाचारापुरतं नाही. "कॉपी झाली" असं दिसलं तरी शेवटचा काही भाग कधीकधी मेमरीतच थांबलेला असतो, त्रिकोण दाबल्यावर तो खरोखर पेन ड्राइव्हवर उतरतो. त्याआधी उपटलात तर फाइल अर्धवट राहू शकते. डायऱ्यांची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवत असाल तर हे वहीत लाल शाईने लिहा. ठेवत नसाल तर आजपासून ठेवा.

राइट क्लिकवर नवी फाइल दिसत नाही याचं कारण मजेशीर आहे. होममध्ये टेम्प्लेट्स नावाचं फोल्डर आहे, रिकामं. त्यात तुम्ही जी फाइल ठेवाल ती नमुना ठरते. रायटरमध्ये एक कोरी फाइल करा, तिला "कोरं पान" नाव द्या, टेम्प्लेट्समध्ये साठवा. आता कुठल्याही फोल्डरमध्ये मोकळ्या जागी राइट क्लिक केलंत की न्यू डॉक्युमेंट दिसेल आणि त्यात तुमचं कोरं पान. विंडोजपेक्षा हे मला जास्त आवडतं, कारण पान अगदी कोरंच हवं असं नाही. समास, अक्षराचा आकार, वर तारखेची ओळ, सगळं आधी आखून ठेवा. दर वेळी आखलेलं पान मिळेल.

---

अआइई:

मीही गेल्या वर्षापासून हेच वापरते, म्हणून वहीबद्दल लिहिते. बाकीचं खुंटींनी सांगितलंच आहे.

मीसुद्धा आधी जागा लिहून ठेवायचे. मग एका अपडेटनंतर दोन चित्रं हलली आणि माझी चार पानं वाया गेली. तेव्हापासून जागा लिहीत नाही, नाव लिहिते. डाव्या पानावर मला काय करायचंय ते मराठीत, उजव्या पानावर त्या वस्तूचं नाव. "आवाज कमी-जास्त – साउंड." "कागद छापायचा – प्रिंटर्स." "चित्र काढून ठेवायचं – प्रिंट स्क्रीनची कळ, मग पिक्चर्समध्ये स्क्रीनशॉट्स." मग सुपर कळ दाबायची आणि उजव्या पानावरचं नाव टाइप करायला लागायचं. कुठे क्लिकही करावं लागत नाही, दोन-तीन अक्षरांत वस्तू समोर येते.

एक खाच मात्र आहे आणि तिने मला आठवडाभर रडवलं. सुपर दाबून टाइप केलं की काहीच सापडायचं नाही. सेटिंग्जसुद्धा नाही! मला वाटलं मोडलं. झालं होतं असं की मराठी टंकून झाल्यावर कीबोर्ड मराठीतच राहिला होता. मी टाइप करायचे इंग्रजी शब्दाच्या कळा आणि शोधाच्या चौकटीत उमटायची देवनागरी अक्षरं, अर्थ नसलेली. चौकटीकडे न बघता टाइप केलं की हे कळतच नाही. वर उजव्या बाजूला भाषेची दोन अक्षरं असतात, त्यांच्यावर आधी नजर टाकायची. सुपर धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते.

टकटकाटताई, तुम्ही कळांकडे न बघता टंकता म्हणालात. तुम्ही पडद्याकडेही बघत नसणार, डायरीकडे बघत असाल. म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

टकटकाट:

अआइई, तुम्ही माझ्या खोलीत कॅमेरा लावला आहे का? परवाच शोधात "कॅल्क्युलेटर" टंकला आणि काही मिळालं नाही म्हणून बेरीज कागदावर केली. भाषा मराठीच होती. आत्ता करून बघितलं.

आता क्रमाने हिशेब देते.

सकाळी सुपर कळ दाबली आणि एकेक खोली बघितली. तीन निघाल्या. पहिलीत डायरी. दुसरीत दोन कोऱ्या रायटरच्या खिडक्या, बहुधा घाबरून उघडलेल्या, आणि एक सेटिंग्ज अर्धवट. तिसरी रिकामी. दुसऱ्या खोलीतल्या एका कोऱ्या खिडकीत साडेतीन ओळी होत्या. डायरी म्हणून मी त्यात टंकत होते आणि मग ती खिडकीही सटकली असणार. साडेतीन ओळी म्हणजे काही फार नाही, पण त्यात एक शब्द होता जो मला नंतर पुन्हा लागला नव्हता आणि मी तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे गेले होते. त्या दिवशी लागला होता, आता विसरले होते. "मोजदाद". इतका साधा. वडील दचा गोफ असा घालतात की तो ळ वाटतो.

डी सापडला, अदर लोकेशन्समध्ये. भाच्याने खरंच ठेवला होता. त्याचं मनातल्या मनात मी बरंच काही केलं होतं, ते मागे घेते. नाव न दिलेला व्हॉल्यूमच निघाला. आत माझी सगळी फोल्डरं जशीच्या तशी.

टेम्प्लेट्सचं फारच कामाचं निघालं. आखलेलं पान केलं: वर तारीख, वार, डायरीचा क्रमांक, मूळ पान क्रमांक. ऑफिसात आम्ही छापील नमुने ठेवायचो तसंच. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर शंभरेक वेळा तेच चार शब्द टंकावे लागले नसते.

पेन ड्राइव्हचं लाल शाईने लिहिलं. दुसरी प्रत नव्हती. आता आहे.

मल्टिटास्किंगमध्ये जाऊन आकडा १ केला होता. दिवसभर काही सटकलं नाही, अनामिका कितीही आली तरी. पण संध्याकाळी परत डायनॅमिक केलं. कारण सांगते. डायरी टंकताना मला मध्येच शब्दकोश बघावा लागतो, जुनी छायाचित्रं बघावी लागतात, कधी मेल येते. सगळ्या खिडक्या एकीवर एक चढतात आणि डायरीची फाइल तळाला जाते. जुना_खोका यांनी त्या १९८६च्या खोल्यांचं लिहिलं ते वाचून वाटलं, माझी अडचण तरी दुसरी कुठली आहे? तेव्हा पहिल्या खोलीत फक्त डायरी. दुसऱ्या खोलीत बाकीचा सगळा पसारा. माउसला नवी बॅटरी घातली आहे, आता टचपॅडला हात लागत नाही आणि मला हवं तेव्हाच खोली बदलते. सुपर धरून पेज डाऊन, परत यायला पेज अप. माझ्या लॅपटॉपवर पेज डाऊन खालच्या बाणावर आहे, त्यासाठी एफएनची कळही धरावी लागते. तीन कळा एकदम. यंत्रावर शिफ्ट उचलताना करंगळीला जो जोर लागायचा त्यापुढे हे काहीच नाही.

नवी वही केली. डावीकडे काम, उजवीकडे नाव. सात पानं झाली.

सरळमार्गी, तुमचंही एक खरं होतं. शिकायची हौस नव्हतीच. डायऱ्या संपवायच्या आहेत.

एक शेवटचा प्रश्न. शब्दकोश कधीकधी चुकून पहिल्या खोलीत उघडतो. बंद करून दुसऱ्या खोलीत पुन्हा उघडते. तो उचलून तिकडे ठेवता येतो का?

---

खुंटी:

येतो. त्या खिडकीवर एकदा क्लिक करा, मग सुपर आणि शिफ्ट धरून पेज डाऊन. खिडकीही जाते आणि तिच्याबरोबर तुम्हीही त्या खोलीत जाता. तुमच्या लॅपटॉपवर एफएनसकट चार कळा होतील.

किंवा सुपर एकदा दाबून सोडा आणि छोटी झालेली खिडकी माउसने धरून उजव्या कडेला डोकावणाऱ्या खोलीत ओढून टाका. त्यात करंगळी लागत नाही.

---

टकटकाट:

चार कळा जमल्या.